इन्झागीची कारकीर्द पाहून आघाडीपटूने सराव कसा करावा

ज्या आघाडीपटूला वेग, उंची किंवा जोरकस फटका यांपैकी काहीच विशेष लाभलेले नाही, त्याने इटलीचा फुटबॉलपटू फिलिप्पो इन्झागी याची कारकीर्द अभ्यासावी. मात्र केवळ गोलांच्या चित्रफितींवरून नव्हे. त्यांत चेंडू जाळीत जाताना दिसतो, आणि इन्झागीचे खरे काम तर त्याआधीच उरकलेले असते. म्हणून पूर्ण सामन्याचे चित्रीकरण मिळवावे आणि पंधरा मिनिटे तरी चेंडू सोडून फक्त त्याच्यावर नजर ठेवावी. क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या सोलापुरी डोळ्यांना हे सुरुवातीला जड जाते.

प्रारंभ 23 मे 2007 रोजी अथेन्समध्ये झालेल्या, युरोपातील क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेच्या अंतिम सामन्याने करावा. इन्झागीच्या मिलान या इटालियन क्लबाने इंग्लंडच्या लिव्हरपूलला 2-1 असे हरवले आणि मिलानचे दोन्ही गोल 33 वर्षांच्या इन्झागीचे होते. पहिल्या गोलात संघसहकारी पिर्लोची फ्री किक त्याच्या अंगाला लागून वळली. याला नशीब म्हणणाऱ्यांनी तो त्या जागी कसा आला हे पाहावे. 82व्या मिनिटाचा दुसरा गोल अधिक शिकवणारा आहे: काका नावाच्या सहकाऱ्याच्या पायातून चेंडू सुटेपर्यंत तो बचावपटूंच्या रेषेशी राहिला, सुटताच मागच्या मोकळ्या जागेत घुसला आणि गोलरक्षक रेइनाला वळसा घालून त्याने चेंडू आत ढकलला.

बाकी कारकीर्द ओझरती पाहिली तरी चालेल: 1996-97 मध्ये अटलांटा क्लबाकडून 24 गोल करून तो सेरी आ या इटलीच्या सर्वोच्च लीगमध्ये गोलांत अव्वल ठरला, पुढे युव्हेंटस क्लब, आणि 2001 ते 2012 मिलान. इटलीसाठी त्याने 57 सामन्यांत 25 गोल केले. 2006च्या विश्वचषकात बदली खेळाडू म्हणून उतरून त्याने झेक प्रजासत्ताकाविरुद्ध केलेला गोल तेवढा चुकवू नये.

आता सराव. पार्क मैदान असो वा होम मैदान (जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेमुळे ते मिळत नाही), मोकळा कोपरा पुरेसा आहे. एप्रिल-मेमध्ये मात्र ऊन चढण्याआधीच उरकावे. दोन बचावपटू उभे करावेत, पास देणारा त्यांच्यापासून वीसेक मीटरवर असावा आणि एका सोबत्याने बचावपटूंच्या रेषेत बाजूला उभे राहून ऑफसाइडला, म्हणजे पास सुटताना आघाडीपटू त्या रेषेच्या पुढे असेल तर, हात वर करावा. आघाडीपटूने दोघांच्या मधोमध, रेषेला समांतर आडवे सरकत राहावे, कारण जागच्या जागी थांबलेल्याला पहिली उडी घ्यायला वेळ लागतो, तर सरळ पुढे धावणारा पास सुटण्याआधीच रेषा ओलांडतो. पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागला की मगच सुटावे. माझ्या मते हा एकच सराव महिनाभर केला तरी चालेल.

त्याला जोड म्हणून, दुसऱ्याने मारलेल्या प्रत्येक फटक्यामागे गोलकडे धावावे, गोलरक्षक चेंडू सहज पकडेल असे वाटत असले तरीही. येथे गोल मोजू नयेत. चेंडू हातातून निसटलाच, तर आपण तेथे होतो की नव्हतो, एवढेच नोंदवावे.

सामन्यात ऑफसाइडची शिट्टी वाजली, तर पंचांशी वाद न घालता लगेच रेषेमागे परतावे आणि पुन्हा आडवे सरकू लागावे.