या चुका टाळा: दोरीचं सूत्र तळ्यात चालवू नका

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या शिकवणीत दर वर्षी नवी पोरं येतात आणि त्याच जुन्या चुका करतात. बारावीला दोरीवरची लाट घोटलेली असते, मग तेच सूत्र पाण्यात नि हवेतही रेटायचं.

माझं डोकं सगळ्यात जास्त उठवते ती तरंगलांबी, म्हणजे लॅम्डा, लाटेच्या दोन माथ्यांमधलं अंतर. तिरप्या लाटेची एक्स अक्षावरची लांबी विचारली की लॅम्डा गुणिले कॉस थीटा (थीटा म्हणजे लाटेच्या दिशेचा अक्षाशी कोन) लिहून मोकळे! अरे, घटक पडतात ते तरंग-सदिशाचे, म्हणजे लाटेच्या दिशेनं काढलेल्या बाणाचे, आणि त्याचं माप लांबीच्या व्यस्त असतं. सुरसागर तळ्याच्या काठावर उभं राहून बघा. लाटा तिरप्या येतात तेव्हा काठालगत दोन माथ्यांमधलं अंतर वाढलेलं दिसतं. लांबी १ मीटर आणि लाटेची दिशा काठाशी ६० अंशांत असेल, तर काठावर भरतील २ मीटर, अर्धा नव्हे. मी आधी कागदावर समांतर रेघा मारून पट्टीनं मोजायला लावतो. सूत्र नंतर.

दुसरी चूक मी स्वतः केलेली. दोरीच्या लाटेचा प्रोग्रॅम छान चालत होता, लाट काळाच्या एका टप्प्यात जाळीतलं बरोबर एक घर सरकायची. त्यालाच आणखी एक मिती जोडून ताणलेला पडदा केला, बाकी काही बदललं नाही. थोड्याच टप्प्यांत पडद्यावर बुद्धिबळाचा पट उमटला आणि आकडे आभाळाला भिडले. रात्रभर लॅपटॉपला शिव्या घातल्या. दोष माझा होता. चौकोनी जाळीवर लाट दोन्ही दिशांनी वळते, दोन्ही वळणांची बेरीज होते, म्हणून काळाचा टप्पा लहान हवा. वेग गुणिले काळाचा टप्पा भागिले घराची रुंदी, हे गुणोत्तर नेहमीच्या पद्धतीत एका मितीत १, दोन मितींत ०.७०७ आणि तीन मितींत ०.५७७ च्या वर जाऊ द्यायचं नाही. कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या गणितज्ञांनी या प्रकारची अट १९२८ मध्येच मांडली होती. मी डोळे मिटून ०.५ ठेवतो. "सर, फार हळू चालतं." चालू दे, तोवर सेव-उसळ खाऊन ये.

कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे का, ते बघा. आडव्या अक्षावर अंतर आहे की वेळ, ते वाचल्याशिवाय आलेखाला हात लावू नका.

आयाम, म्हणजे लाटेची उंची, सगळीकडे सारखा धरू नका. उगमापासून दूर, वर्तुळाकार लाटेत तो अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त घटतो, गोलाकार लाटेत थेट अंतराच्या व्यस्त. म्हणून मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो.

आणि पडद्याच्या प्रोग्रॅममध्ये ठोका पुढे निघून गेल्यावरही मागे हलकी हालचाल उरते, तिला गडबड समजून एकानं चक्क पुसून टाकली. तीन मितींत टाळीचा आवाज निघून गेला की मागे काही राहत नाही, दोन मितींत राहतं. ती शेपटी खरी आहे बाबा, ठेव तिला.