शेतगाडीचा पट्टा घसरत होता, तो असा सुधारला

इंदूरजवळ सिमरोळला आमच्या शेतावर मागे छोटा हौदा असलेली चारचाकी ऑफ-रोड गाडी आहे. खताची पोती तीच वाहते, रविवारी मुलांना टेकडीपर्यंत फिरवतेही. जुलैत नाल्यातून काढली आणि चढावर इंजिन नुसतं गुरगुरायला लागलं. गाडी जागची हलेना, रबर जळल्याचा वास. बाबा म्हणाले, "क्लच गेला." मला पटेना. या गाडीत इंजिनची ताकद सीव्हीटीचा, म्हणजे आपोआप गिअर जुळवणाऱ्या यंत्रणेचा, रबरी पट्टा दोन पुलींमधून पुढे नेतो. तो ओला झाला की घसरतोच.

पट्ट्यावरच्या कव्हरच्या तळाचा ड्रेन प्लग काढला, पेलाभर गढूळ पाणी आलं. न्यूट्रलमध्ये इंजिन रेस करून आतलं वाळवलं. तरी वास जाईना, म्हणून कव्हरच उघडलं. हवेच्या नळीत आपली माळव्याची काळी माती घट्ट बसलेली! थंड हवा आत जाणार कुठून? नळी धुतली, पुलींच्या आतल्या बाजू ब्रेक क्लीनरने पुसल्या. पट्टा जळून चकाकला होता, तो नवाच घातला. जुना पुन्हा वापरायचा मोह अजिबात धरू नका.

आता पोती भरली की मी 'लो'मध्येच, म्हणजे कमी वेगाच्या पण जास्त ओढीच्या गिअरमध्ये, चालवतो. 'हाय'मध्ये वजन हळूहळू ओढलं की पट्टा तापतो. बाबांनाही तेच सांगून ठेवलंय.