टर्बो इंजिनाची हवा आणि ताकद: कॅल्क्युलेटरला इंदूरचे आकडे द्या

टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंप) असलेली गाडी घेतलेली आमच्या लोकमान्य नगरातली पोरं मोबाईलवरचा हॉर्सपॉवर कॅल्क्युलेटर पुढे करतात आणि विचारतात, "काका, हा एवढी हॉर्सपॉवर दाखवतोय, खरंच मिळेल का?" उत्तर देण्याआधी मी दोनच रकाने बघतो: हवेचा दाब आणि तापमान. तिथे बहुतेक वेळा कॅल्क्युलेटरने स्वतः भरलेले आकडेच राहिलेले असतात, १.०१३ बार आणि १५ किंवा २५ अंश. ही समुद्रकाठची हवा झाली. इंदूर माळव्याच्या पठारावर, साधारण ५५० मीटर उंचीवर आहे आणि मे महिन्यात दुपारचे ४० अंश आपल्याला नवीन नाहीत.

हवामानाचं ॲप बघून दाब भरू नका. ॲप १००८ मिलिबार वगैरे दाखवतं, पण तो समुद्रसपाटीला आणून सांगितलेला दाब असतो. इंदुरात प्रत्यक्ष दाब ९५० मिलिबारच्या आसपास, म्हणजे ०.९५ बार. खात्री करायची असेल तर गाडीच्या ओबीडी पोर्टला (तपासणीच्या सॉकेटला) स्कॅनर लावा, इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करा आणि मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतला दाब, वाचा. इंजिन बंद असताना तिथे बाहेरचाच दाब दिसतो.

आता हिशोब हाताने करून बघू. एकदा तो कळला की कुठलाही कॅल्क्युलेटर समोर आला तरी गोंधळ होत नाही. एक लिटरचं पेट्रोल टर्बो इंजिन घ्या, ५५०० आरपीएमवर. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं, म्हणून मिनिटाला २७५० लिटर. सिलिंडर प्रत्येक वेळी पूर्ण भरत नाही. तो किती भरतो, ती व्हॉल्यूमेट्रिक एफिशियन्सी. ती ९० टक्के धरली तर २४७५ लिटर.

हे झालं आकारमान. ताकद मिळते ती हवेच्या वजनातून, आणि वजन ठरतं दाब आणि तापमानावर. बूस्ट गेज ०.८ बार दाखवत असेल तर तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब आहे. कॅल्क्युलेटरने ॲब्सोल्यूट म्हणजे एकूण दाब मागितला असेल तर त्यात ०.९५ मिळवून १.७५ बार भरायचे. रकान्याशेजारी काय लिहिलंय ते नीट वाचा. इथे चूक झाली तर पुढचं सगळं गणित वाया जातं.

तापमानाचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. हवा दाबली की तापते. फिल्टर आणि इंटरकूलरमध्ये (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) घटणारा दाब धरला तर आपल्या उदाहरणात टर्बोतल्या कॉम्प्रेसरला आत आलेल्या दाबाच्या १.९६ पट दाब तयार करावा लागतो. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के असेल तर ४० अंशांची हवा १३५ अंश होऊन बाहेर पडते. इंटरकूलरने जास्तीच्या उष्णतेतली ७० टक्के काढून घेतली तरी मॅनिफोल्डमध्ये ६८ अंश उरतात. पलासियाच्या सिग्नलवर गाडी थांबली की इंटरकूलरवर वाराच येत नाही, मग याहूनही जास्त.

६८ अंश आणि १.७५ बारला एका घनमीटर हवेचं वजन सुमारे १.७९ किलो. म्हणजे इंजिनात मिनिटाला ४.४३ किलो हवा जाते. बहुतेक कॅल्क्युलेटर पौंडात बोलतात, तर ९.८ पौंड. पेट्रोलसाठी हवा-इंधन प्रमाण १२ (एक पौंड पेट्रोलला १२ पौंड हवा) आणि दर हॉर्सपॉवरला तासाला अर्धा पौंड इंधन धरलं की एका पौंड हवेमागे १० हॉर्सपॉवर येतात. उत्तर ९८. हेच इंजिन जानेवारीच्या सकाळी १५ अंशांत चालवा, मॅनिफोल्डमध्ये ४१ अंश राहतील आणि उत्तर १०६ येईल. आणि मॅनिफोल्डच्या रकान्यात २५ अंश, बाहेरच्या दाबात १.०१३ तसेच सोडले, तर तोच कॅल्क्युलेटर ११६ सांगेल. मे महिन्यातल्या खऱ्या उत्तरापेक्षा १८ हॉर्सपॉवर जास्त, आणि तेही इंजिनाला हात न लावता.

म्हणून नवीन टर्बोचा किंवा जास्त बूस्टचा हिशोब करण्याआधी कॅल्क्युलेटर तुमच्या गाडीवर जुळवून घ्या. माझ्या मते ही पायरी गाळूच नये. कंपनीने जाहीर केलेली ताकद आणि ती ज्या आरपीएमवर मिळते तो आकडा मॅन्युअलमधून घ्या. स्कॅनरवर त्या आरपीएमचा मॅनिफोल्ड प्रेशर आणि इनटेक तापमान नोंदवा. मोकळ्या रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये, वेगमर्यादेच्या आत हे जमतं. मोबाईल मात्र शेजारी बसलेल्याच्या हातात द्या. कंपनीची ताकद साधारण २५ अंशांच्या हवेवर आणून सांगितलेली असते, म्हणून तुलनेसाठी बाहेरचं तापमान तेवढं भरा आणि उत्तर जुळेपर्यंत व्हॉल्यूमेट्रिक एफिशियन्सी थोडी थोडी बदला. ८५ ते १०० टक्क्यांत जुळलं तर ठीक. १२० टक्के भरावे लागत असतील तर दुसरा कुठला तरी रकाना चुकलाय, तो शोधा. गाडीला एमएएफ सेन्सर असेल तर काम आणखी सोपं, तो हवेचं वजन थेट सांगतो. आपल्या उदाहरणात तो सेकंदाला ७४ ग्रॅमच्या आसपास दाखवेल.

एककांबद्दल थोडं. आपल्याकडच्या गाड्यांची ताकद बहुधा पीएसमध्ये छापतात, ११५ पीएस म्हणजे सुमारे ११३ हॉर्सपॉवर. हा आकडा क्रँकवरचा, म्हणजे थेट इंजिनाच्या दांड्यावरचा. चाकांवर डायनोला (ताकद मोजायच्या यंत्राला) मोजलं की गिअरबॉक्समध्ये गेलेलं वजा होऊन कमीच दिसतं. हवेचा प्रवाह सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट) दिला असेल तर कुठल्या हवेचा ते विचारा: समुद्रकाठी १५ अंशांत एक पौंड हवा १३ घनफुटांत मावते, आपल्या मे महिन्यात तिला १५ लागतात.

टर्बो निवडताना कॉम्प्रेसर मॅपवर (टर्बोच्या क्षमतेचा आलेख) दोन आकडे लागतात, प्रेशर रेशो (बाहेर पडणारा दाब भागिले आत येणारा दाब) आणि हवेचं वजन. पुष्कळ जण रेशो काढताना ०.८ मध्ये १.०१३ मिळवून १.०१३ नेच भागतात आणि मग टर्बो मॅपवर आरामात बसलेला दिसतो. इंदूरच्या ०.९५ ने काढलात, फिल्टरमध्ये घटणारा दाब धरलात, तर तोच टर्बो जास्त वेगाने फिरताना दिसतो. तुमचा बिंदू मॅपच्या उजव्या कडेला टेकत असेल तर तो टर्बो लहान पडतोय, बूस्ट वाढवून फक्त हवा तापेल.

डिझेलला वर सांगितलेला दहाचा हिशोब लावू नका. तिथे एका पौंड डिझेलला २० पौंड किंवा त्याहून जास्त हवा लागते, म्हणून पौंडामागे आठच्या आसपास धरा.

आणि कागदावर काहीही आलं तरी बूस्ट वाढवण्याआधी आरटीओचं बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. दुसरं म्हणजे पेट्रोल. ६८ अंशांच्या हवेवर साधं पेट्रोल ठोकू शकतं, म्हणजे सिलिंडरमध्ये अवेळी पेटतं. मग ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठिणगी मागे घेतो, म्हणजे उशिरा देतो, आणि कॅल्क्युलेटरचे ९८ सुद्धा रस्त्यावर पूर्ण मिळत नाहीत. भर उन्हाळ्यात स्कॅनरवर इग्निशन टायमिंग बघा. ते हिवाळ्यातल्यापेक्षा बरंच मागे आलेलं दिसलं, तर बूस्टचा विचार सोडून आधी मोठ्या इंटरकूलरवर खर्च करा.