आयसीयूत सिस्टरची परीक्षा घ्यायची तर हात बघा

लेखी पेपरात 50 पैकी 46 मिळवलेली आमची एक सिस्टर व्हेंटिलेटरवरच्या आजोबांचं सक्शन करायला, म्हणजे श्वासनळीतला कफ नळीनं ओढून काढायला गेली आणि आधी ऑक्सिजन वाढवायला विसरली. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, 82 टक्क्यांवर आलं. आजोबा सावरले, पण तेव्हापासून नुसत्या पेपरावर मी कुणालाच पास करत नाही.

सगळंच मोजायला जाऊ नका. जिथं चुकलं तर रुग्णाला भोगावं लागतं, अशी चार-पाच कामं निवडा.

मग चेकलिस्ट लिहा. तिची प्रत्येक ओळ डोळ्यांना दिसली पाहिजे. ‘काळजीपूर्वक सक्शन केलं’ हे दिसत नाही. हात धुतले, ऑक्सिजन 100 टक्के केला, कॅथेटर (सक्शनची नळी) आत घालताना सक्शन बंद ठेवलं, 15 सेकंदांच्या आत बाहेर काढलं, मॉनिटर पाहिला, हे दिसतं. ऑक्सिजनच्या ओळीपुढे मी लाल खूण करते. ती ओळ चुकली की बाकी गुण कितीही असोत, परीक्षा पुन्हा.

सीपीआर, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबणं, मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) पूर्ण दोन मिनिटं करायला लावा. वेग मिनिटाला 100 ते 120, दाब 5 ते 6 सेंटिमीटर, आणि दर वेळी छाती पूर्ण वर आली पाहिजे. पहिला अर्धा मिनिट सगळ्यांचंच छान होतं. दमल्यावर दाब उथळ होतो, खरं बघायचं ते तिथंच.

इन्फ्युजन पंपासाठी (शिरेतून ठरावीक वेगानं औषध देणाऱ्या यंत्रासाठी) चिठ्ठी द्या: रुग्ण 60 किलोचा, 50 मिलीत नॉरॲड्रेनलिन (रक्तदाब वाढवणारं औषध) 4 मिलिग्रॅम, डोस दर किलोला मिनिटाला 0.1 मायक्रोग्रॅम. उत्तर ताशी 4.5 मिली. कागदावर उत्तर बरोबर आलं म्हणून थांबू नका, पंपावर आकडा घालायला लावा. बरोबर गणित करून 45 दाबलेलं मी पाहिलंय.

परीक्षक दोघं हवेत, आणि दोघांनी एकमेकांचा कागद न बघता खुणा करायच्या. गुण जुळले नाहीत तर आधी चेकलिस्टची ती ओळ तपासा. बहुतेक वेळा तीच मोघम निघते.

मला सगळ्यात जड जातं ते गप्प बसणं. ‘अगं, ऑक्सिजन!’ असं ओठांवर येतं. मॅनिकिनवर बोलू नका, नाहीतर तुम्ही स्वतःचीच आठवण मोजाल. खऱ्या रुग्णापाशी मात्र लगेच थांबवा, परीक्षा गेली तरी चालेल.

नाइट करून आलेल्या सिस्टरला किंवा ब्रदरला त्याच सकाळी परीक्षेला बसवू नका. निकाल त्याच दिवशी सांगा, पण बाजूला बसवून, वॉर्डात सगळ्यांसमोर नको. चुकलेली ओळ तिथंच मॅनिकिनवर करून घ्या, आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलवा, पास झालेल्यांनाही.