उंदरांवर अ‍ॅनएरोबिक (ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या बॅक्टेरियाच्या) इन्फेक्शनची अँटिबायोटिक्स कशी तपासायची

सगळ्यात आधी प्राणी-नैतिकता समितीची परवानगी, त्याशिवाय पिंजऱ्याला हातही लावायचा नाही.

मग नीट ठरवा की मोजायचं काय, कारण इथेच बहुतेक जण चुकतात. 1970 च्या दशकात अमेरिकेत उंदरांच्या पोटात आतड्यातली घाण सोडून एक प्रयोग झाला, त्यात जेन्टामायसिन दिलेले उंदीर कमी मेले (औषध न दिलेल्यांत 37 टक्के, यांच्यात 4) पण जगलेल्या जवळपास सगळ्यांच्या पोटात गळू झालं, आणि क्लिंडामायसिनवाल्यांत (हे अ‍ॅनएरोबिक बॅक्टेरियावरचं औषध, आणि गळू मुख्यतः त्यांच्यामुळेच होतं) गळू अगदी थोड्यांना, मरणारे मात्र जवळपास औषध न दिलेल्यांइतकेच! म्हणजे नुसते मेलेले मोजले असते तर क्लिंडामायसिन फेल वाटलं असतं. म्हणून मृत्यू आणि गळू दोन्ही मोजा, आणि गळूतले बॅक्टेरिया मोजायचे तर सॅम्पल हवेत ठेवू नका, लगेच ऑक्सिजन नसलेल्या चेंबरमध्ये न्या, बॅक्टेरिया वाढवायच्या प्लेट तिथेच किमान 48 तास ठेवा.

तुलनेसाठी एक ग्रुप फक्त सलाईनचा, एक मेट्रोनिडाझोलचा (अ‍ॅनएरोबिक इन्फेक्शनवरचं नेहमीचं औषध), बाकी तुमची औषधं. उंदराचं शरीर औषध माणसापेक्षा लवकर बाहेर टाकतं, त्यामुळे माणसाचा डोस वजनाने भागून देऊ नका, रक्तातली पातळी बघून ठरवा. मोजणाऱ्याला ग्रुप कळता कामा नये.

आणि हे प्लीज लक्षात ठेवा, हॅमस्टर किंवा गिनीपिगला क्लिंडामायसिन अजिबात नको, आतड्यात क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा विष सोडणारा बॅक्टेरिया वाढून बिचारे काही दिवसांत मरतात.