कोविडच्या केसेस वाढल्या की घरी ऑक्सिजन कसा बघायचा

मे 2021 मध्ये बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ऑक्सिजन कमी पडला तेव्हा आमच्या डिचोलीत जो तो घाबरून सिलिंडर शोधत होता, पण साधा ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं यंत्र) कसा लावायचा ते बऱ्याच जणांना माहीत नव्हतं, म्हणून लिहितोय.

आधी पाच मिनिटं शांत बसा, नेलपॉलिश पुसा, बोट गार असेल तर चोळून गरम करा. आईचं बोट गार होतं तर 88 दाखवला, घरात रडारड सुरू, चोळून परत लावला तर 97! आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा आणि वेळेसकट वहीत लिहा, दिवसातून तीन-चार वेळा. दम लागत नसेल तर घरातच सहा मिनिटं चालून परत बघा, 3-4 ने उतरला तर लगेच डॉक्टरला फोन करा.

94 च्या खाली गेला, ओठ निळे पडले किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर सरळ 108 लावा, गाडी येईपर्यंत जमत असेल तर पोटावर झोपवा, गरोदर बाईला मात्र नको. व्हॉट्सॲपवर आलेलं स्टेरॉईड स्वतःहून घेऊ नका.

आणि 98 असून बाकी काही त्रास नसेल तर प्लीज बेड अडवू नका, सत्तरी-पेडण्याहून धापा टाकत येणाऱ्याला तो लागतो.