पट्टी जुळत नाही तेव्हा

मार्च उजाडला की आमच्याकडे पट्ट्यांचे दिवस सुरू होतात. पावसच्या आसपासच्या तीसेक बागायतदारांचे आंब्याचे हिशोब मी ठेवते. पेट्या टेम्पोने वाशीच्या घाऊक बाजारात जातात आणि चार-सहा दिवसांनी व्यापाऱ्याकडून पट्टी येते: किती पेट्या, कुठली जात, काय भाव, भाडं-हमाली वजा जाऊन हातात किती. कोणी हे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून पाठवतं, कोणी एक्सेलची फाइल देतं, कोणाचा मुलगा पुण्यात बसून गूगल शीट भरतो. मे अखेरीस प्रत्येकाला त्याचा हिशोब बिनचूक द्यायचा असतो. त्याच पैशातून पुढच्या वर्षीचं खत, फवारणी आणि राखणदाराचा पगार निघतो.

हे काम मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत करते. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये ही भाषा पहिल्यांदा लोकांसमोर ठेवली. ती फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर चालते आणि वीस-पंचवीस ओळींत खरं काम करून देते. शिकताना मला उदाहरणं पटापट सुटायची, पण स्वतःची फाइल उघडली की गाडी अडायची. पुढे लक्षात आलं की माझा तर्क बहुतेक वेळा बरोबरच असतो. घोळ असतो तो माणसांनी भरलेल्या माहितीत. म्हणून कोड लिहिण्याआधी माहिती नीट बघायची सवय लावा, एवढंच मी नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगते. ती कशी बघायची, ते पुढे लिहिते.

सुरुवात कागदावर करा. तीनच ओळी घ्या आणि हाताने हिशोब करताना आपण काय काय करतो ते मराठीत लिहा. माझ्या वहीत पहिल्या वर्षीचं पान अजून आहे:

एक ओळ घे.
नाव बघ. त्या नावाचं खातं नसेल तर उघड, शिल्लक शून्य.
पेट्या गुणिले भाव. ते खात्यात मिळव.
ओळी संपल्या की खाती वाच.

हे जमलं की कोड जवळजवळ लिहून झाला. खातेवही म्हणजे पायथनची डिक्शनरी: नाव ही किल्ली, शिल्लक ही किंमत. ‘खातं नसेल तर उघड’ यासाठी वेगळी अट घालायची गरज नाही. डिक्शनरीच्या ‘गेट’ला नावासोबत शून्य दिलं, की खातं नसताना तो शून्य परत देतो. त्यात रक्कम मिळवून परत त्याच नावावर ठेवायची. मोजणी, बेरीज, वर्गवारी अशा रोजच्या निम्म्या कामांना ही एवढीच युक्ती पुरते.

आता माहितीकडे वळू. कुठलीही फाइल हातात आली की मी आधी तिच्यातल्या प्रत्येक रकान्यात कोणते वेगवेगळे शब्द आहेत आणि प्रत्येक किती वेळा आलाय ते छापून बघते. कलेक्शन्स मॉड्यूलमधला ‘काउंटर’ हे एका ओळीत करतो. एका वर्षी जातीच्या रकान्यावर काउंटर चालवला तर हापूस २१२, हापुस ६७ आणि पुन्हा हापूस ३१ असं आलं. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक दिसत होता, पण दोन्ही दीर्घ हापूस डोळ्याला एकसारखेच. अशा वेळी साधं ‘प्रिंट’ कामाचं नाही, ‘रेप्र’ लावून छापायचं. तो न दिसणारी अक्षरंही खुणांनी दाखवतो. शब्द यादीत घालून यादी छापली तरी तेच होतं. मग दिसलं की दुसऱ्या हापूसच्या शेपटाला तिरकी रेघ, एक्स, ए, शून्य अशी चार अक्षरं आहेत. ही न तुटणारी मोकळी जागा. वेबपानावरून किंवा दुसऱ्या अ‍ॅपमधून मजकूर उचलला की ती सोबत येते. ‘स्ट्रिप’ ती काढतो. पण शून्य रुंदीची जागा, जी रेप्रमध्ये यू, दोन, शून्य, शून्य, बी अशी दिसते, ती स्ट्रिपला मोकळी जागा वाटतच नाही. तिला ‘रिप्लेस’ करूनच घालवावं लागतं.

उरलेल्या ‘हापुस’साठी मी छोटी डिक्शनरी हाताने लिहिते: डावीकडे चुकीचं रूप, उजवीकडे बरोबर. जवळचा शब्द आपोआप शोधून बदलणारी साधनं आहेत, पण पैशाच्या हिशोबात मी ती वापरत नाही. दहा-बारा रूपं असतात, हाताने लिहायला पाच मिनिटं लागतात आणि कशाचं काय झालं हे मला ठाऊक असतं.

मराठीत याहून खोल एक खड्डा आहे. आमच्याकडे बागांना नावं असतात. एका बागायतदाराची ‘पऱ्ह्यावरची’ बाग आहे. पऱ्ह्या म्हणजे पावसाळ्यात वाहणारा लहान ओढा. त्या एका बागेची दोन खाती तयार झाली, एकात ४१ पेट्या, दुसऱ्यात ३८. काका पट्टी घेऊन घरी आले आणि म्हणाले, “गो, अर्ध्या पेट्या गेल्या कुठं?” कारण त्या ‘ऱ’मध्ये होतं. तो तीन तऱ्हांनी लिहिला जातो. काही कीबोर्ड त्याला एकच अक्षर म्हणून लिहितात, काही साध्या र खाली नुक्ता देऊन, तर काही र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह अशा क्रमाने. पडद्यावर तिन्ही सारखे. ‘लेन’ने ‘पऱ्ह्या’ची लांबी मोजा: पहिल्या तऱ्हेत ७ येते, बाकी दोन्हींत ८. पायथनला हे तीन वेगळे शब्द वाटतात आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे.

उपाय दोन पायऱ्यांचा. युनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या ‘नॉर्मलाइझ’ला एनएफसी (सुटे तुकडे जोडून एकच अक्षर करणारा) हा प्रकार देऊन शब्द त्यातून काढला की पहिली दोन रूपं एक होतात. तिसरं मात्र तसंच राहतं. त्यासाठी र, हलन्त आणि जोडचिन्ह ही तिकडी शोधून तिच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचा. नुसतं जोडचिन्ह पुसलं तर पऱ्ह्याचा पर्ह्या होईल आणि खातं पुन्हा वेगळंच राहील. मी या सगळ्याचं ‘नाव_साफ’ असं एक फंक्शन केलंय. हो, पायथन ३ मध्ये फंक्शनला देवनागरी नाव चालतं. फाइलमधलं प्रत्येक नाव डिक्शनरीत जाण्याआधी त्यातून जातं.

जाता जाता रेगेक्सबद्दल, म्हणजे मजकुरातले ठरावीक नमुने शोधायच्या साधनाबद्दल. शब्द वेचायला त्यात बॅकस्लॅश डब्ल्यू ही खूण वापरतात, ते मराठीत वापरू नका. पायथनचं मूळ रेगेक्स मॉड्यूल मात्रांना अक्षर मानत नाही, त्यामुळे हापूसचे ह, प, स असे तीन तुकडे पडतात. मोकळ्या जागेवर ‘स्प्लिट’ करा, बहुतेक ठिकाणी तेवढं पुरतं.

आकड्यांच्या बाबतीत मात्र पायथन मराठी माणसाला सुखद धक्का देतो. ‘इंट’ला २४ हा आकडा देवनागरीत दिला तरी तो चोवीसच समजतो, वेगळं काही करावं लागत नाही. अडतो तो २८,२००/- मधल्या स्वल्पविरामाला आणि शेवटच्या रेघांना. ते आधी रिप्लेसने काढा. इथे मी एकदा मोठी चूक केली. आकडा वाचता आला नाही की येणाऱ्या व्हॅल्यूएररचा वैताग येऊन सगळी बेरीज ‘ट्राय’मध्ये टाकली आणि ‘एक्सेप्ट’मध्ये नुसतं ‘पास’ लिहिलं, म्हणजे चूक आली तर काही न बोलता पुढे जा. प्रोग्राम गुपचूप चालला, १४ ओळी गुपचूप गळाल्या, आणि एका बाईंचा हिशोब कमी निघाला. त्यांनी वही ठेवली होती म्हणून कळलं. तेव्हापासून न जमलेली प्रत्येक ओळ, तिच्या क्रमांकासकट, मी वेगळ्या यादीत टाकते आणि शेवटी ती यादी छापते. ती रिकामी झाल्याशिवाय बेरीज कोणाला पाठवत नाही. क्रमांकासाठी ‘एन्युमरेट’ दोनपासून सुरू करा, कारण फाइलची पहिली ओळ रकान्यांच्या नावांची असते. मग प्रोग्राम सांगतो ती ओळ आणि एक्सेलमध्ये दिसते ती ओळ एकच राहते.

आणि ‘अडीच डझन’? लोक असंच लिहितात आणि ते लिहिणं योग्यच आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांची डिक्शनरी करा. शब्द त्यात सापडला तर काम झालं. नाही सापडला तर सुरुवात बघा: ‘साडे’ असेल तर पुढच्या संख्येत अर्धा मिळवायचा, ‘सव्वा’ असेल तर पाव मिळवायचा, ‘पावणे’ असेल तर पाव वजा करायचा. क्रम महत्त्वाचा, आधी डिक्शनरी, मग सुरुवात. नुसत्या ‘सव्वा’ची सुरुवातही सव्वाच असते आणि पुढे संख्या नसते. ‘सव्वाशे’ आला तर? तो शंभर आणि पाव नव्हे, एकशे पंचवीस. शेकड्याला नियम बदलतो. माझं फंक्शन तिथे अंदाज करत नाही, सरळ एरर देऊन ती ओळ माझ्यासमोर ठेवतं.

पाव, अर्धा, पाऊण संगणकाला अगदी नेमके साठवता येतात, पण एक दशांश येत नाही. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवून बघा, उत्तरात शेवटी चार उमटलेला लांबलचक आकडा येतो. ‘राउंड’ही आपल्या शाळेतल्यासारखा वागत नाही. तो अडीचचे दोन करतो आणि साडेतीनचे चार, कारण बरोबर अर्ध्यावर तो सम संख्येकडे वळतो. यावरचा माझा उपाय सासऱ्यांकडून आला. ते म्हणतात, “तिथीची पाऊणपट कर, भरतीला घड्याळ कशाला?” चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हा अंदाजाचा हिशोब आहे. त्याचा प्रोग्राम लिहिताना मी आधी ०.७५ ने गुणून मग तास-मिनिटं वेगळी करायच्या खटपटीत होते. मग तिथीला थेट ४५ मिनिटांनी गुणलं आणि भागाकार व बाकी एकदम देणाऱ्या ‘डिव्हमॉड’ला साठ दिले. दशमीला ४५० मिनिटं, सात तास तीस मिनिटं, साडेसात. अपूर्णांक मध्ये आलाच नाही. पैशाचंही तसंच करा. रुपये नकोत, सगळं पैशांत पूर्णांक म्हणून ठेवा आणि फक्त छापताना शंभराने भागा.

तारखांसाठी एवढंच. त्या मजकूर म्हणून लावल्या तर ०१/०५ हा २८/०४ च्या आधी येतो. तिरक्या रेघेवर स्प्लिट करा, तिन्ही तुकडे इंटमधून काढा आणि वर्ष, महिना, दिवस या क्रमाने ‘डेट’ बनवा. आकडे देवनागरी असले तरी चालतं, आणि दिवस आधी की महिना आधी हे तुम्ही ठरवता, लॅपटॉपची सेटिंग नाही.

फाइल उघडताना आणि लिहिताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, स्वतः सांगा, नाहीतर विंडोजवर मराठीचं भलतंच काही होतं. एक्सेलमधून आलेल्या सीएसव्हीला (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) युटीएफ-८-सिग हे एन्कोडिंग द्या. ते दिलं नाही तर पहिल्या रकान्याच्या नावाला एक न दिसणारं चिन्ह चिकटून येतं आणि ‘बाग’ रकाना समोर दिसत असूनही कीएरर, म्हणजे ‘अशी किल्लीच नाही’ असा एरर, येतो. मी त्यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. लिहितानाही तेच एन्कोडिंग दिलं की एक्सेल मराठी नीट दाखवतं. सोबत न्यूलाइनला रिकामा मजकूर द्या, म्हणजे दर ओळीआड एक कोरी ओळ येणार नाही.

मूळ फाइलवर कधीही लिहू नका. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, त्या दिवशी मी डेस्कटॉपवर हिशोबाची फाइल नव्याने लिहीत होते आणि वीज गेली. लिहिण्यासाठी फाइल उघडली त्याच क्षणी तिच्यातलं जुनं सगळं पुसलं जातं, नवीन नंतर लिहिलं जातं. मधल्या वेळात अंधार झाला आणि वीज परत आल्यावर फाइल शून्य बाइटची. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पट्ट्यांवरून पुन्हा भरायला नऊ दिवस लागले. आता मी आधी वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये सगळं लिहिते, ती बंद करते आणि मग ‘ओएस’मधल्या ‘रिप्लेस’ने तिला जुन्या नावावर आणते. मध्येच प्रोग्राम थांबला तरी आधीची फाइल जागेवर असते.

एरर आला तर मजकूर शेवटच्या ओळीपासून वर वाचा. शेवटची ओळ काय बिघडलं ते सांगते, तिच्या वरची कुठे ते. तरीही सुटलं नाही आणि कोणाला विचारायचं झालं, तर अख्खी फाइल पाठवू नका. तीन ओळी, वीसेक ओळींचा कोड, काय यायला हवं होतं आणि काय आलं, एवढं पाठवा. माझा भाचा देवगडला डिप्लोमा करतो. गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला, “मावशी, बेरीज चालत नाही.” मी म्हटलं, तीन ओळी काढून दे. दहा मिनिटांनी ओळी आल्या आणि मी उघडायच्या आत त्याने त्या पुसूनही टाकल्या. तिसऱ्या ओळीत भावातल्या शून्याच्या जागी इंग्रजी ओ होता, तो ओळी काढतानाच त्याला दिसला होता.